दुसऱ्या झोक्यापासून

"माझी लेक चोरीला गेली, ताई."

जिना चढून आलेल्या म्हातारीनं दारातच हे सांगितलं आणि आदिनाथकाकांची डुलकी खाडकन मोडली. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. बसल्या जागी झोपायचं आणि हाकेसरशी जागं व्हायचं, ही विद्या निवृत्तीनंतरही त्यांना सोडून गेली नव्हती.

"कधीपासून बेपत्ता हाय?" काकांनी वही पुढं ओढली.

"वारून वीस वर्सं झाली."

काकांनी वही मिटली.

परभणीच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर राजेश्री गिराम हिचं तपास कार्यालय होतं. नाव भारदस्त, पण काम बहुतेक एकच: लग्नाआधी स्थळाची चौकशी. मुलगा पितो का, नोकरी खरी का, शेत सात-बाऱ्यावर आहे की नुसतं बोलण्यात. काका तिचे सख्खे चुलते. घरी बसून सुनांच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा पुतणीची स्कूटर चालवलेली बरी, असा त्यांनी आणि सुनांनी मिळून निर्णय घेतला होता.

राजेश्रीनं म्हातारीला ओळखलं. ताडकळसच्या छबूबाई. त्यांच्या नातीचं, ऋतिकाचं स्थळ तिनंच तपासून दिलं होतं.

"बसा आजी. पाणी घ्या. परवा हळद ना पोरीची? काय झालं?"

छबूबाई पाणी प्यायल्या आणि बोलू लागल्या. त्यांची लेक प्रियांका काविळीनं गेली तेव्हा ऋतिका जेमतेम चालायला लागली होती. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नात आजोळी वाढली. प्रियांकाचे दोन-चार फोटो होते, पण आवाज एकाच ठिकाणी होता. ऋतिकाच्या बारशाचं गावातल्या स्टुडिओवाल्यानं शूटिंग केलं होतं आणि त्याची एक सीडी करून दिली होती.

"पाळना म्हनलाय तिनं त्यात. एकदाच लावली आमी, शेजारच्याच्या टीव्हीवर. ती गेल्यावर माझी छाती झाली न्हाई. पोरीला म्हनलं, तुझ्या हळदीला लावू. तिच्या मायनं शब्द दिलाय त्या पाळन्यात. काय ते त्याच दिशी कळंल."

"म्हणजे ऋतिकानं आईचा आवाज कधी ऐकलाच न्हाई?"

"कधीच न्हाई, बाई."

काकांनी उगीच पंख्याचं बटण चालू-बंद केलं.

"कशी ठेवली होती सीडी?"

"लय जपून! खणात गुंडाळून डब्यात, डबा कपाटात, किल्ली माझ्या कंबरेला. चमकत्या बाजूला बोट लागू दिलं न्हाई कधी. लक्षुमीपूजनाला तेवढी काढायची. मागून, नाव लिवल्याल्या बाजूनं, मधल्या भोकाभोवती कुंकवाची पाच बोटं लावायची, कलशाला लावतो तशी. आदल्या सालचं वाळल्यालं नखानं खरवडायचं, वल्या फडक्यानं पुसायचं, मग नवं लावायचं. लेकच हाय ना ती."

"आणि गेली कधी?"

"कवा गेली ते काय सांगू? बाजाराच्या दुसऱ्या दिशी सकाळी डबा उघडला तर खण हाय, डबा हाय, सीडी न्हाई. कपाटाला कुलूप जसंच्या तसं."

त्यांनी पिशवीतून तो खण काढला. साधा सुती खण, हिरवा, कडेला लाल रेघ. राजेश्रीनं तो खिडकीपाशी नेऊन उलगडला. घडीत कुंकवाची लाल भुकटी होती आणि तिच्यात मिसळलेले चंदेरी, मोहरीहून बारीक कपचे.

"जरीची चमकी," काका खात्रीनं म्हणाले.

राजेश्रीनं खणाची घडी होती तशीच घातली.

"आजी, एक सांगून ठेवते. जे सापडंल ते मी तुमाला खरं सांगणार. गोड करून सांगायची सवय न्हाई मला."

"खरंच पायजे," छबूबाई म्हणाल्या. "परवाच्या आत सापडू द्या तेवढी. माजं काय, मी आज हाय, उद्या न्हाई. पोरीनं एकदा मायला ऐकावं."

* * *

ताडकळसच्या अलीकडंच काकांनी स्कूटरचा ब्रेक असा दाबला की राजेश्री त्यांच्या पाठीवर आदळली.

"राजू! सापडला चोर!"

रस्त्याकडेला छबूबाईंच्या मुलाचं, गोपाळचं शेत होतं. ज्वारीची कणसं भरली होती आणि पाखरांना भिववायला बांधावर दोऱ्या ताणून त्यांवर सीड्या टांगल्या होत्या. वारा आला की त्या गरकन फिरायच्या आणि ऊन डोळ्यात मारायच्या.

गोपाळ धुऱ्यावरच भेटला. कामाचा, अबोल माणूस.

"ह्या व्हय? ह्या स्टुडिओवाल्या ओमप्रकाशच्या दुकानातल्या. त्यानं अडगळ काढली तवा पोतंभर दिल्या. सिनेमाच्या हायत्या समद्या."

राजेश्रीनं एकेक सीडी उलटून पाहिली. कशावर नट, कशावर देव. कुंकू कशावरच नव्हतं.

"गोपाळभाऊ, हळदीला ती सीडी लावावी असं तुमाला वाटत होतं?"

"खरं सांगू? न्हाई. आईचं काळीज आधीच नाजूक. ऐन हळदीत तिला काय झालं म्हंजे? तसं मी तिला बोललो बी होतो. पन चोरायची कशाला ताई? आक्का माझी बी बहीणच की."

"किल्ली कुणाच्या हाताला लागू शकते?"

"आई न्हायला जाताना दिवळीत ठेवती. घरादाराला ठावं हाय. बाजाराच्या दिशी पोरीचे वडील, जीवनदाजी पाथरीहून साडी घेऊन आल्ते. आई न्हानीत होती. मी आलो तर दाजी एकटेच मधल्या घरात, कपाटासमोर उभे. मला बघून दचकले."

काकांनी राजेश्रीकडं भुवया उडवून पाहिलं. तरीही निघताना त्यांनी दोरीवरची एक सीडी सोडून पिशवीत टाकलीच. देवाचं चित्र असलेली, जाड छापाची.

"पुरावा," ते म्हणाले. पुतणीला हसू आलं, पण तिनं ते पदराआड ठेवलं.

* * *

घरापुढं मांडव पडत होता. जीवनराव पाथरीहून पुन्हा आले होते आणि कुणी न सांगता बांबूला दोऱ्या बांधत होते. ज्या घरात जावई म्हणून पाटावर बसायचं, तिथं ते गड्यासारखे राबत होते.

"मी गेल्तो कपाटापाशी," त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. "किल्ली दिवळीत दिसत होती. हात लावला न्हाई."

"मग उभे कशाला राहिलात?"

जीवनरावांनी दोरीची गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. "मला बी ऐकायचं हाय, ताई. मागायला तोंड न्हाई. वर्साच्या आत बोहल्यावर चढलेला माणूस मी. कुन्या तोंडानं म्हनू, तिचा आवाज ऐकवा म्हणून?"

'नाटकी,' काका मनात म्हणाले. पण बिनतिकिटाचा उतारू त्यांना चेहऱ्यावरून कळायचा आणि या चेहऱ्यावर तसलं काही दिसेना. याचाच त्यांना राग आला.

चहा घेऊन ऋतिका आली. गोल चेहरा, डोळे जागरणानं ओढलेले. तिनं आधी आजीच्या हातात बशी दिली, फुंकर घालून.

"ताई, तुमी कशाला तरास घेतला? जाऊ द्या ना. कुणीतरी नेली असंल, जपून ठेवली असंल." मग आजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चोरीला गेली म्हंजे काय नासली थोडीच, आजी? कुठं ना कुठं हाय की ती."

"वाजवणार कशावर होतीस?" राजेश्रीनं विचारलं.

"ओमप्रकाशभाऊंचा ड्राइव्ह आणला होता, लॅपटॉपला जोडायला. आता सीडीच न्हाई म्हटल्यावर ठेवून काय करू? वापस दिला."

म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ऋतिकानं ते स्वतःच्या ओढणीनं पुसलं, पण स्वतः रडली नाही.

* * *

ओमप्रकाशच्या स्टुडिओत आता फोटो कमी आणि तारा जास्त होत्या. गावात घरोघरी इंटरनेट द्यायचं काम त्यानं घेतलं होतं. भिंतीवर काळ्या केबलची भेंडोळी टांगलेली. तो एका केसाएवढ्या काचेच्या तारेच्या टोकाला पेनासारखी लाल बत्ती लावून बघत होता.

"तार कुठं मोडली ते हिच्यानं कळतं मॅडम. जिथं मोडली तिथून लाल उजेड बाहेर सांडतो." त्यानं बत्ती विझवली. "तवा बी उजेडानंच लिहीत होतो, सीडीवर. आता उजेडच तारेतून धाडतो. धंदा तोच हाय, बघा."

"बारशाच्या शूटिंगची दुसरी प्रत?"

"न्हाई. कॅसेट पुसून पुन्हा वापरायचो आमी. तवाचा कॉम्प्युटर भंगारात गेला. त्या वेळी काय माहीत, ती पोरगी…" तो थांबला. "पाळना सुरू होता होता मी धावतपळत कॅमेरा लावला होता. पाळन्यापासूनच हाय ती सीडी. लय गोड आवाज होता."

"जीवनराव इकडं आले होते का?" काकांनी आपल्या संशयिताला सोडलं नव्हतं.

"आल्ते की! बाजाराच्या दिशी संध्याकाळी. ऋतिका ड्राइव्ह वापस द्यायला आल्ती, 'काम झालं' म्हनली. तिच्यामागं तिला शोधत जीवनरावबी आले. हातात ही एवढी पिशवी. पोरीला म्हनले, साडी आवडती का बघ. ती बघितल्यासारखं करून निघून गेली."

बाहेर येताच काकांनी मांडीवर थाप मारली. "पिशवी! साडीच्या घडीत सीडी. राजू, जीवनरावच हाय."

राजेश्री पायरीवर बसून होती. तिचा चेहरा काकांनी कधी पाहिला नव्हता इतका हळवा झाला होता.

"काका, गोपाळभाऊला, जीवनरावांना आणि ऋतिकाला इथं बोलवा. आजींना नको. आणि ऋतिकाला सांगा, तू जपून ठेवलंय ते घेऊन ये, बहुतेक लग्नाच्या पेटीत असंल."

* * *

ऋतिका आली ती हात जोडल्यासारखे छातीशी धरून. हातात तिच्या आईच्या जुन्या साडीची घडी होती. तिनं ती टेबलावर ठेवली आणि उलगडली. आत बारशाची सीडी होती.

गोपाळ खुर्चीतून उठला. "पोरी, तू?"

"बसा गोपाळभाऊ," राजेश्री म्हणाली. "हिनं चोरी केली, पण चोराला हवं असतं त्यातलं हिला काहीच नको होतं. मला पहिल्यांदा कळलं ते आजींच्या खणावरून. खण सुती, जरीचा धागा कुठंच न्हाई, आणि आत चंदेरी कपचे. ती चमकी न्हाई, काका. तो सीडीचा वर्ख आहे."

"वर्ख तर चमकत्या बाजूला असतो," काका म्हणाले.

"सगळ्यांना तसंच वाटतं. चमकते ती बाजू जाड प्लास्टिकची. वर्ख असतो तो नावाच्या बाजूला, साईसारख्या पातळ थराखाली. ओमप्रकाशभाऊ, ती लाल बत्ती."

ओमप्रकाशनं बत्ती पेटवली. राजेश्रीनं सीडी तिच्यापुढं धरून हळूहळू फिरवली. मधल्या भोकाभोवती एकामागून एक लाल ठिपके उजळले. पाच ठिपके, बोटांच्या पेराएवढे. जिथं दरसाल कुंकू लागलं होतं, तिथूनच उजेड सांडत होता.

काकांनी त्यातल्या एका ठिपक्यापुढं आपलं बोट धरून बघितलं.

"आजींनी जी बाजू जपली तिला जपायची गरज नव्हती," राजेश्री हलक्या आवाजात म्हणाली. "जिची पूजा केली तीच नाजूक होती. नखानं खरवडलं, वल्या फडक्यानं पुसलं. वीस दिवाळ्यांची माया. आता दुसरी गोष्ट. ड्राइव्ह परवा, हळदीला लागणार होता. ऋतिका मला म्हणाली, सीडी नाही म्हणून वापस दिला. पण तुमी सांगितलं ओमप्रकाशभाऊ, ती बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आली. आजींनी डबा उघडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सीडी गेल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा एका माणसाला माहीत होतं की आता ड्राइव्हचं काम उरलं न्हाई."

ऋतिकाचा बांध तेव्हा फुटला.

"मला आधीच एकदा ऐकायची होती. आजी न्हायला गेली तवा काढली. लागलीच न्हाई. ड्राइव्ह म्हनायला लागला, सीडीच न्हाई. मग बल्बपुढं धरली तर ही भोकं." ती हुंदके देत राहिली. "आजीला कळलं असतं की तिच्याच हातानं… ती जगली नसती ताई. चोरी गेली म्हटलं तर निदान वाटंल, कुठंतरी हाय."

जीवनराव उठले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही हे त्यांना कळेना. हात अर्ध्यावरच थांबला. मग ऋतिकानंच तो ओढून घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. काकांनी खिशातला रुमाल शोधायला फार वेळ लावला. या माणसावर संशय घेतल्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"समदंच गेलं मग?" गोपाळनं विचारलं.

"न्हाई," राजेश्री म्हणाली. "सीडी आतून बाहेर वाचली जाते. अगदी आत, भोकाजवळ, कुठं काय आहे ते लिहिलेलं असतं. ते आणि सुरुवातीचं थोडं, एवढंच खरवडलं गेलंय. बाहेरचं सगळं शाबूत दिसतंय. पण आतलं वाचता आलं न्हाई की ड्राइव्ह पुढं जातच न्हाई."

काकांनी नाक शिंकरलं. "म्हंजे पाटी नसलेली बस. आत मानसं गच्च, पन पाटी न्हाई म्हणून कुनी चढंना."

"हां, तसंच."

"मग त्यात काय? आमी डेपोत दुसऱ्या बसची पाटी लावायचो आन् सोडायचो."

राजेश्री त्यांच्याकडं बघतच राहिली. ओमप्रकाशही.

"मॅडम," ओमप्रकाश सावकाश म्हणाला, "दुसरी सीडी घातली, ड्राइव्हनं तिची पाटी वाचली, आन् बटण न दाबता, पिनेनं ट्रे ओढून आत ही ठेवली तर? त्याला वाटंल जुनीच हाय. पन मी घरी करायचो ती सीडी न्हाई चालायची, उन्हानं तिच्यावरचं उडतं. कारखान्यातली छापील पायजे, तासाभराच्या सिनेमाची. तसल्या तर मी समद्या वाटल्या."

काकांनी पिशवीत हात घातला आणि आपला पुरावा टेबलावर ठेवला.

ती जोंधळ्यावरची धूळ धुवायला एक तांब्या पाणी लागलं. पहिल्या खेपेला ड्राइव्ह नुसता घरघरला. दुसऱ्या खेपेलाही. मग पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, विस्कटले, पुन्हा जुळले आणि हिरव्या साडीतली एक तरुण बाई पाळण्याची दोरी ओढताना दिसली. तिचं तोंड उघडलं. ऋतिकानं ओमप्रकाशचा हात धरला.

"थांबवा. आजीबरोबर ऐकीन."

ती गेल्यावर ओमप्रकाशनं राजेश्रीसमोर वाचलं तेवढं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं.

* * *

हळदीच्या सकाळी बाया जात्याभोवती बसल्या होत्या. छबूबाई शेजारी होत्या. राजेश्री त्यांच्यापाशी टेकली आणि तिनं सगळं सांगितलं. एक शब्द गोड केला नाही. काका मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना वाटत होतं, आज एकदा तरी या पोरीनं खोटं बोलावं.

छबूबाईंनी उजव्या हाताचं नख पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्याच हातानं व्हय?"

"होय आजी. पण सुरुवातच गेलीय. दुसऱ्या झोक्यापासून सगळं तुमच्या कुंकवाच्या बाहेर राहिलं."

ऋतिकानं येऊन तोच हात दोन्ही हातांत धरला. "मी लपिवली म्हनून रागावली का, आजी?"

"येडी. माझ्यापायी मायला पेटीत कोंडलं व्हय तू?" म्हातारीनं तिचा गाल कुरवाळला. मग कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि नातीच्या कपाळावर टेकलं. "पयला झोका गेला तर जाऊ दे. त्यो मीच शिकिवला व्हता तिला. बाकीचे तिनं मनानं रचले."

आणि त्यांनी घोगऱ्या, थरथरत्या आवाजात सुरू केलं:

"पयला झोका बाई, आजोळाच्या दारी,
चिमणी माझी आली, भरल्या शिवारी…"

ऋतिकानं लॅपटॉपची कळ दाबली. आजीचा आवाज जिथं संपला तिथून एक कोवळा, किंचित तुटक आवाज उचलून पुढं निघाला:

"दुसरा झोका बाई, मामाच्या मळ्यात,
पाखरं राखाया, घुंगरू गळ्यात…"

गोपाळनं तोंड फिरवलं. जीवनराव मांडवाबाहेरच उभे होते. ऋतिकानं त्यांना हातानं आत बोलावलं, तेव्हा ते येऊन अगदी कडेला बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ऋतिका पडद्याला खिळली होती. तिचे ओठ आईच्या ओठांबरोबर हलत होते, शब्द माहीत नसताना.

"तिसरा झोका बाई, तुझ्या हळदीला,
येईन मी दळाया, तुझ्या जात्याला…"

हाच तो शब्द. वीस वर्षं म्हातारीनं कुणाला सांगितला नव्हता. काकांना आता रुमाल शोधण्याचं सोंगही जमेना, ते उघडपणे रडले.

जातं थांबलं होतं. बाया पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. छबूबाईंनी जात्याचा खुंटा धरला आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"सरका गं जरा," त्या म्हणाल्या. "तिला बसाया जागा द्या."

बाया सरकल्या.